भयाचा झटका : ओळख, उपचार आणि घ्यावयाची काळजी

छातीत एकाएकी धडधड सुरू होणे, श्वास अपुरा पडणे, दरदरून घाम फुटणे, हातापायांना मुंग्या येणे आणि या सर्वांबरोबर 'आता आपण वाचत नाही' अशी खात्रीच वाटू लागणे, अशा अवस्थेत अनेक रुग्ण रात्री-अपरात्री रुग्णालयात आणले जातात. डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात, ईसीजी म्हणजे हृदयाचा आलेख काढतात. पुष्कळदा आलेखात काहीही दोष आढळत नाही. तोवर रुग्णही बराचसा सावरलेला असतो. मग 'तुम्हांला काहीही झालेले नाही' असे सांगून त्याची घरी रवानगी होते. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्णाचे मात्र समाधान होत नाही. आपणांस काहीतरी झाले होते हे त्याने प्रत्यक्ष भोगलेले असते, आणि जे झाले त्याला कोणीही नाव दिलेले नसते. नाव न मिळालेला आजार पुढच्या खेपेस अधिकच भेडसावतो.

या अवस्थेस वैद्यकात पॅनिक अटॅक असे म्हणतात. मराठीत तिला भयाचा झटका म्हणता येईल. 'झटका' हा शब्द लोकव्यवहारात हृदयविकारासाठी वापरला जातो आणि फेफऱ्यासाठीही, त्यामुळे थोडा घोटाळा संभवतो. परंतु हे तिन्ही विकार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. भयाच्या झटक्याने माणूस दगावत नाही, त्यास वेडही लागत नाही. हा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत आपले टोक गाठतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आयुष्यात एखाद-दुसरा असा झटका पुष्कळांना येऊन जातो व त्यास उपचाराचीही गरज भासत नाही. झटके वारंवार येऊ लागले आणि 'पुढचा केव्हा येईल' या धास्तीने माणसाचे हिंडणे-फिरणे, काम, शाळा सुटू लागली, म्हणजे मात्र तो विकार झाला असे समजावे. तारुण्यात पदार्पण करताना किंवा विशी-तिशीत त्याचा आरंभ होण्याचा संभव अधिक असतो, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते. हा विकार उपचारांनी आटोक्यात येतो, व अनेक रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात.

शरीरात काय घडते

रानातल्या पायवाटेवर समोर साप दिसला, तर विचार करण्यापूर्वीच पाय मागे सरतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात मिसळलेले असते. त्यामुळे हृदय जोराने चालते, स्नायूंकडे रक्त धावते, श्वास जलद होतो, पोटातील पचनाचे काम मंदावते आणि अंग थंड राखण्यासाठी घाम सुटतो. पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी देहाची झालेली ही सिद्धता होय. ती प्राण वाचविणारी आहे. भयाच्या झटक्यात नेमकी हीच सिद्धता होते. फरक एवढाच की समोर साप नसतो. राखणीचा कुत्रा चोर नसतानाही भुंकू लागावा, तसा हा प्रकार आहे. भुंकणे खरे असते, त्याने झोपमोड होते तीही खरी. चोर तेवढा नसतो.

मुंग्या आणि गरगरणे यांचे कारण थोडे निराळे आहे व ते समजून घेणे फार उपयुक्त ठरते. घाबरलेला माणूस 'श्वास मिळत नाही' म्हणून भराभर व खोल श्वास घेतो. वस्तुतः प्राणवायू त्यास पुरेसा मिळतच असतो. जलद श्वसनाने शरीरातील कर्बद्विप्राणिद वायू मात्र गरजेपेक्षा अधिक बाहेर फेकला जातो. रक्तातील त्याचे प्रमाण घटले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात. डोके हलके होते, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, कधी बोटे वळतात, आसपासचे सारे स्वप्नवत् भासू लागते. माणूस आणखी घाबरतो व आणखी जोराने श्वास ओढतो. म्हणजे ज्या उपायाने बरे वाटेल असे त्यास वाटते, त्यानेच त्रास वाढत जातो. आपण बेशुद्ध पडू ही भीतीही बहुतेकांना वाटते. पण शुद्ध हरपण्यास सामान्यतः रक्तदाब खाली यावा लागतो, आणि या झटक्यात तो बहुधा चढलेला असतो. त्यामुळे प्रत्यक्ष बेशुद्ध पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

काहींना असा झटका गाढ झोपेतून जागे करतो. दुष्ट स्वप्न पडलेले नसते, घरात काही आवाज झालेला नसतो. तरीही माणूस धडधडत्या छातीने उठून बसतो. खेडोपाडी अशा वेळी बाहेरची बाधा झाल्याचा संशय घेतला जातो. झोपेत येणारा हा झटकाही त्याच विकाराचा भाग आहे व त्यावरील उपचारही तेच आहेत.

आधी तपासणी

वरील विवेचनाचा कोणी असा अर्थ घेऊ नये की, छातीत दुखू लागले असता भीतीचा झटका समजून घरीच बसावे. तसे करणे प्राणघातक ठरू शकेल. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटत असेल, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जात असेल, चालताना वा श्रम करताना त्रास वाढत असेल, तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वय चाळिशीच्या पुढे असल्यास, मधुमेह, उच्च रक्तदाब वा तंबाखूचे व्यसन असल्यास ही दक्षता विशेष आवश्यक आहे. हृदयविकार की भय, याचा निर्णय घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी करावयाचा नसून तो डॉक्टरांनी करावयाचा आहे.

भयाच्या झटक्यासारखी लक्षणे अन्य विकारांतही दिसतात. कंठस्थ ग्रंथीचा म्हणजे थायरॉईडचा अतिरिक्त स्राव, रक्तातील साखर एकदम उतरणे, पंडुरोग, दमा, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा ही त्यांतील काही. अतिरिक्त चहा-कॉफी, दम्यावरील काही औषधे, तसेच नित्य दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबविणे यांमुळेही थरथर व धडधड होते. या सर्वांचा विचार एकदा नीट व्हावा. एकदा, हे येथे महत्त्वाचे. तपासणी होऊन हृदय निकोप ठरल्यावरही दर झटक्यानंतर नवा आलेख, नवे डॉक्टर, नवे शहर असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यात कुटुंबाचा पैसा तर जातोच. शिवाय 'आलेख काढला म्हणून वाचलो' अशी रुग्णाची समजूत होऊन बसते. लक्षणांचे स्वरूप बदलले तरच पुन्हा तपासणी करणे उचित होय.

भीतीची भीती

या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष जाण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धात भाग घेतलेल्या सैनिकांत धडधड व छातीतील दुखणे यांच्या तक्रारी होत्या, पण हृदयात दोष सापडत नव्हता. फिलाडेल्फियाचे डॉक्टर डा कॉस्टा यांनी १८७१ मध्ये या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांस इमिप्रामीन या औषधाने असे झटके थांबतात असे आढळले व १९६४ मध्ये त्यांनी ते मांडले. त्यांच्या निरीक्षणातील दुसरा भाग अधिक उद्बोधक आहे. झटके थांबले तरी रुग्ण एकट्याने बाहेर पडावयास धजत नसत. झटका गेला होता, धास्ती राहिली होती. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात यास स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, झटक्याच्या मुळाशी शारीरिक संवेदनांचा विपरीत अर्थ लावण्याची सवय असते. जिना चढताना होणारी साधी धडधड 'हृदय बंद पडण्याची खूण' वाटली की भय उत्पन्न होते, भयाने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हाच जणू त्या समजुतीचा पुरावा ठरतो.

हे चक्र रोजच्या जीवनात कसे फिरते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, फोंड्याहून पणजीस रोज बसने जाणाऱ्या एका कारकुनास बाणस्तरीच्या पुलावर गर्दीच्या गाडीत पहिला झटका आला. तो पुढच्या थांब्यावर उतरला व थोड्या वेळात त्यास बरे वाटले. वस्तुतः झटका आपोआपच ओसरणार होता. पण त्याच्या मनाने नोंद केली ती 'उतरलो म्हणून वाचलो' अशी. दुसऱ्या दिवसापासून तो दाराजवळच्या आसनावर बसू लागला, मग पाण्याची बाटली आणि खिशात गोळी असल्याशिवाय निघेना, मग बरोबर भावास नेऊ लागला. काही महिन्यांनी त्याने रजा टाकली. देवळातील उत्सव, लग्नकार्य, बाजार एकेक करून सुटले. झटके कदाचित महिन्याकाठी दोनच येत असतील. नोकरी मात्र धोक्यात आली ती झटक्यांमुळे नव्हे, ते टाळण्याच्या खटपटीमुळे. या विकारात खरे नुकसान होते ते येथे. म्हणूनच उपचाराचा मुख्य रोख धडधड थांबविण्यावर नसून टाळाटाळ थांबविण्यावर असतो.

झटका आला असता

झटका येत आहे असे जाणवताच शक्य तर आहे तेथेच थांबावे. वाहन चालवीत असल्यास अर्थातच ते बाजूस घेऊन उभे करावे. नंतर श्वास हळू करावा. खोल श्वास घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो येथे उपयोगी नाही. श्वास संथ हवा, खोल नव्हे. तोंड मिटून नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा व सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. छाती न फुगवता पोट हलावे. असे चार-पाच मिनिटे केल्याने मुंग्या व गरगरणे कमी होऊ लागते. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय आता त्याज्य मानला जातो. त्रास दम्याचा वा हृदयाचा असला तर त्याने जीव धोक्यात येतो.

लक्ष छातीकडून बाहेर वळविणे हाही एक साधा उपाय आहे. समोरच्या पाच वस्तू मनात नावाने मोजाव्यात, पायाखालच्या जमिनीचा स्पर्श जाणून घ्यावा, कानी पडणारे आवाज ओळखावेत. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आणखी एक मार्ग सांगितला, तो आजही सांगितला जातो : झटक्याशी झुंजू नये, त्यास सामोरे जावे, तो येऊ द्यावा, त्याच्यासोबत तरंगावे आणि वेळ जाऊ द्यावा. नदीच्या ओढीत सापडलेल्या माणसाने ओढीविरुद्ध हात मारून दमण्यापेक्षा अंग सैल सोडून तरंगत राहावे, तसेच हे होय. हे ऐकावयास सोपे असले तरी पहिल्या प्रयत्नात साधत नाही. श्वसनाचा अभ्यास म्हणूनच बरे वाटत असताना रोज दोन वेळा करावा. घर पेटल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. मात्र 'श्वास मोजला नाही तर मरू' अशी समजूत होऊ लागली, तर हाही उपाय त्या पाण्याच्या बाटलीसारखीच कुबडी झाला असे जाणावे.

जवळच्या माणसांनी गर्दी करू नये, कांदा वा चप्पल हुंगावयास देऊ नये, बळेच पाणी पाजू नये. 'उगाच घाबरतोस', 'नाटक करतेस' अशी वाक्ये तर पूर्णपणे टाळावीत. शेजारी बसून शांत आवाजात 'हे थोड्या वेळात ओसरेल, मी येथेच आहे' एवढे म्हणणे पुरते. वर्गात विद्यार्थ्यास असा त्रास झाल्यास शिक्षकांनी इतर मुलांना कामास लावावे, त्या मुलाजवळ बसून त्याच्यासोबत संथ श्वास घ्यावा आणि त्रास ओसरल्यावर शक्य तर त्यास वर्गातच ठेवावे. दर वेळी घरी पाठविले तर शाळा ही भीतीची जागा ठरते. तथापि पालकांना कळविणे व एकदा डॉक्टरांकडून तपासून घेणे आवश्यकच आहे.

उपचार

औषधाविना केल्या जाणाऱ्या उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार अधिक परिणामकारक ठरला आहे. आठवड्यातून एकदा याप्रमाणे सुमारे आठ ते पंधरा बैठकींत तो सामान्यतः पूर्ण होतो. त्यात रुग्ण कोणत्या संवेदनेचा कोणता अर्थ लावतो हे प्रथम शोधले जाते. नंतर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्या संवेदना मुद्दाम निर्माण केल्या जातात : जागच्या जागी धावून धडधड, गोल फिरून गरगर, बारीक नळीतून श्वास घेऊन कोंडल्याची भावना. दहा-वीस वेळा धडधड होऊनही काहीच वाईट घडत नाही, हे देहास अनुभवाने कळते. केवळ समजावून सांगण्याने ते कळत नाही. गरोदर स्त्रिया तसेच हृदयविकार, दमा वा फेफरे असणाऱ्यांनी हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

पुढचा टप्पा टाळलेल्या जागी परत जाण्याचा. वरील कारकुनाने प्रथम भावाबरोबर फर्मागुडीपर्यंत जावे, मग एकट्याने. नंतर मंगेशीपर्यंत, नंतर बाणस्तरीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यापर्यंत आणि शेवटी पणजीस. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागेपर्यंत पुनःपुन्हा करावी व मगच पुढची घ्यावी. भीती वाटली तरी ती उतरू लागेपर्यंत गाडीतून उतरू नये, हा यातील कळीचा नियम आहे. भीती न वाटता जाणे हे येथे ध्येय नव्हेच. भीती असतानाही जाता येते, हे कळावे लागते.

औषधांचाही चांगला उपयोग होतो. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम अशा गटातील औषधे बहुधा प्रथम दिली जातात. त्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढल्यासारखीही वाटते. म्हणून डॉक्टर अल्प मात्रेने आरंभ करतात. नेमक्या याच काळात 'औषध मानवले नाही' म्हणून अनेक जण ते सोडून देतात, हे दुर्दैवाचे आहे. बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने, पुष्कळदा वर्षभर घ्यावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावयाचे असते. ही औषधे व्यसन लावणारी नाहीत.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी अर्ध्या-एक तासात आराम पडतो आणि त्यामुळेच त्या रुग्णास प्रिय होतात. काही आठवड्यांच्या नित्य सेवनाने शरीरास त्यांची सवय जडते, मात्रा वाढवावी लागते, आणि एकाएकी बंद केल्यास भीती दुपटीने उसळते. क्वचित फेफऱ्यासारखे झटकेही येतात. वृद्धांत त्यामुळे तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर अशा गोळ्या आणणे सर्वथा गैर होय. धडधड कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना घातक ठरू शकते. दारूचे तर बोलावयासच नको : फेणीच्या पेल्याने रात्री भीती दबते व सकाळी उतार पडताना ती अधिक जोराने परतते.

गावात अशा आजारात देवाला गाऱ्हाणे घालण्याची वा दृष्ट काढण्याची रीत आहे. त्याने घरच्यांना धीर येत असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. उपचारास मात्र त्याने विलंब होऊ नये. उपाशी ठेवणे, मारझोड, धुरी देणे या गोष्टींनी भ्यालेल्या माणसाचे भय वाढते आणि त्या कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाहीत.

कोठे जावे

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात या विकारावर उपचार होतात. तज्ज्ञांची संख्या मर्यादित असली तरी त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. गोव्यातीलच २४ दवाखाने व आरोग्य केंद्रांत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने शासकीय केंद्रांतील चिंता व खिन्नता यांचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाल्याचे आढळले.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते. सीमेपलीकडील बेळगाव भागातील अथवा अन्य राज्यांतील मराठी कुटुंबांनाही याच क्रमांकावर बोलता येते. भीतीबरोबर जीवन नकोसे वाटू लागले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

कार्यालयप्रमुखांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागविण्याचे तत्त्व मान्य केले असून वैद्यकीय विम्यातही त्यास समान स्थान दिले आहे. तेव्हा या विकारासाठी आलेला रजेचा अर्ज पाहून हसण्याचे वा कर्मचाऱ्याच्या भवितव्याविषयी शेरे मारण्याचे कारण नाही. दीर्घ रजा देण्यापेक्षा काही आठवडे कामाची वेळ थोडी बदलून त्यास कामावर येत राहू देणे पुष्कळदा अधिक हितावह ठरते.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर झटक्यांची नोंद न्यावी : दिवस व वेळ, जागा, किती मिनिटे टिकला, त्यापूर्वी काय खाल्ले-प्यायले होते, मनात नेमकी कोणती भीती आली. दोन आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. चालू असलेली सर्व औषधे, दम्याची वा आयुर्वेदिक असली तरी, त्यांच्या वेष्टनांसह बरोबर न्यावीत, आणि पूर्वी काढलेला हृदयाचा आलेख घरी असल्यास तोही न्यावा, म्हणजे तो पुन्हा काढावा लागणार नाही.